पेव

हरिपुरात एकेकाळी हळद जमिनीखाली असायची.
वरून काही दिसायचं नाही.
सारवलेलं अंगण, खुंटीला शेळी,
आणि खाली पंचवीस फूट,
तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस अंधार.

अण्णा पेवात उतरायचे.
आधी तोंड उघडून ठेवायचं, तास दोन तास,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही.
या एका नियमापुढं
मुकादमाची शिवीसुद्धा चालायची नाही.

मी रोज पहाटे कंदील सोडते.
आधी बोटांत, मग मनगटात,
गुडघ्यांपर्यंत दोरी पुरते, पुढं अंदाज.
जळत राहिला तर टाक उचलायचा.
टाकाला सायकलच्या जुन्या मुठीचं रबर चढवलंय,
पातळ दांडा आता धरवत नाही.

रिपोर्टात आजाराचं नाव आहे.
आईला ते उच्चारत नाही,
ती 'तुझं ते' म्हणते,
दारात आलेल्या सोयऱ्याबद्दल बोलावं तशी.

इंदूवहिनी म्हणतात, गाल भरलेत की गं, बरं झालं.
गाल गोळ्यांचे आहेत.
हळदीच्या गावात सगळे मला हळद-दूध सांगतात.
दीड वर्ष प्याले.
अण्णांच्या तर घामालाच तो वास होता,
त्यांचे गुडघे काही वाचले नाहीत.

मिरजेला मगदूम डॉक्टरांकडं जाताना
राखीव सीटवर बसले एकदा.
कंडक्टर म्हणाला, ताई, तुम्हाला काय झालंय?
चांगल्या धडधाकट दिसताय.
बस थांबवून सांगण्याइतकं ते छोटं नव्हतं.
उठले.
नावातच विश्राम असलेल्या विश्रामबागेपर्यंत
दांडीला लटकत गेले.

पूर्वी मी नाटकांचे पडदे रंगवायचे,
शिडीवर चढून, हातभर ब्रशनं,
एका रात्रीत अख्खा राजवाडा.
म्हणून दुखण्यानं मला कला दिली असलं काही
माझ्याबद्दल बोलू नका.
त्यानं शिडी नेली.
राजवाडा नेला.
उरल्या मार्केट यार्डातून भाऊ आणतो त्या
सौद्याच्या जुन्या पट्ट्या,
पाठकोऱ्या, तळहाताएवढ्या.

त्यांवर मी पेवं काढते.
चिरून दाखवल्यासारखी,
वर अंगण, शेळी, वाळत घातलेलं लुगडं,
आणि खाली शाईच्या बारीक रेघा,
रेघेवर रेघ, रेघेवर रेघ.
एका दिवसात चाळीस झाल्या तर तो मोठा दिवस.
परवा तीन.
त्यानंतर नऊ दिवस कंदील विझलेलाच येत होता वर.
नऊ दिवस मी छताकडं पाहिलं,
आणि छतावरही काही सुचलं नाही.

दोनशे बारा पट्ट्या चिकटवून एक पेव झालं.
अकरा महिने.
सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये टांगलं.
एक सद्गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले,
रेषेत कंप छान आहे, मुद्दाम केलात?
मी हो म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं ते.
थरथर माझी नव्हती,
ती पुसायची नाही, हे मी ठरवलं होतं.

अण्णांना पेव कुठं आहे ते सांगावं लागायचं नाही.
चालता चालता टाच आपटायचे,
पोकळ जमीन वेगळी बोलते म्हणायचे.
महापुरानं बरीचशी पेवं बसली,
त्यांची सवय तेवढी राहिली,
दवाखान्याच्या फरशीवरसुद्धा.

संध्याकाळी हॉल रिकामा होत आला तेव्हा
वीस-बावीसची एक मुलगी चित्रापुढं उभी होती.
भार या पायावरून त्या पायावर,
पाण्याचा साधा पेला दोन्ही हातांनी धरलेला,
चेहरा एकदम तुकतुकीत.

माझी टाच आपोआप हलली.

ती न वळताच म्हणाली,
हे खोल किती असतं हो?

मी कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली,
ओढायला जमली तेवढी,
आणि म्हटलं,
आधी बस.